ठेका दिला म्हणजे सुटलो?

"काम मी दिलं, पण खणलं त्यानं. मग शेजाऱ्याच्या भिंतीचा तडा माझ्या गळ्यात का?" अण्णांनी हा प्रश्न टाकला आणि कट्ट्यावर सरळ दोन तट पडले.

प्रकरण थोडक्यात असं. घराच्या मागं एक खोली वाढवायची म्हणून अण्णांनी मटेरियलसकट ठेका दिला. ठेकेदारानं पायाचा चर शेजाऱ्याच्या भिंतीला अगदी लागून, पूर्ण लांबीचा एकाच वेळी खणून ठेवला. टेकू नाही, फळ्या नाहीत. चर उघडा असतानाच पाऊस झाला. दोन दिवसांत शेजाऱ्याच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघाला आणि जोत्यापर्यंत उतरला. शेजारी ठेकेदाराकडे गेला तर तो म्हणाला, मालकाशी बोला. मालकाकडे आला तर अण्णांनी ठेकेदाराचा नंबर दिला.

अण्णांची बाजू कच्ची नाही, हे वकीलताईंनी आधीच मान्य केलं. "नोकर आणि ठेकेदार यांत कायदा फरक करतो. नोकराला काम कसं करायचं ते आपण सांगतो, म्हणून त्याची चूक आपल्या अंगावर येते. स्वतंत्र ठेकेदार त्याच्या पद्धतीनं काम करतो, त्याच्या निष्काळजीपणाला सहसा तोच जबाबदार. इंग्लंडमध्ये एकानं अंगणातलं झाड तोडायला अनुभवी माणूस लावला. झाड टेलिफोनच्या तारांवर पडलं, तारा रस्त्यावर आल्या आणि त्या भानगडीत एक जण जखमी झाला. खटल्याचं नाव सॉल्सबरी विरुद्ध वुडलँड. अपील कोर्टानं घरमालकाला सोडलं, तोडणाऱ्याला नाही."

"बघा!" अण्णा खूश.

"पूर्ण ऐका. झाड तोडणं हे नीट केलं तर कुणालाही धोका नसलेलं काम. तुम्ही दिलेलं काम तसं आहे का?"

इथं ताईंनी इंग्लंडमधलाच १८७६ चा बोवर विरुद्ध पीट हा निकाल काढला, आणि मला वाटतं सगळा वाद तिथंच मिटायला हवा होता. एकानं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं, पाया शेजारच्या घरापेक्षा खोल न्यायचा होता. ठेकेदारानं करारात लिहून दिलं होतं की शेजारच्या घराला आधार देण्याची जबाबदारी माझी, काही झालं तर भरपाई माझी. आधार अपुरा पडला, घराचं नुकसान झालं. मालक म्हणाला, करार बघा. कोर्टानं सांगितलं, ज्या कामात खबरदारी घेतली नाही तर शेजाऱ्याचं नुकसान होणार हे आधीच दिसतं, तिथं ती खबरदारी घेतली जाईल हे पाहणं मालकाचं कर्तव्य. काम दुसऱ्याकडे सोपवता येतं, हे कर्तव्य सोपवता येत नाही. तो करार मालक आणि ठेकेदार यांच्यातला. शेजाऱ्यानं त्यावर सही केलेली नव्हती.

त्याआधीचा तिथलाच रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला तर कायदा शिकलेल्या सगळ्यांना नावानं माहीत असतो, पण त्यातही ठेकेदार होता हे विसरलं जातं. गिरणीमालकानं तलाव बांधायला जाणकार माणसं लावली. खोदताना त्यांना जुन्या खाणींचे बुजलेले उभे बोगदे लागले, ते नीट बंद केले नाहीत. १८६० च्या डिसेंबरात तलावाचं पाणी त्यातून शेजारच्या चालू खाणीत घुसलं. गिरणीमालकाची स्वतःची काही चूक नव्हती, तरी १८६८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, त्यालाच जबाबदार धरलं. फ्रान्समध्ये तर शेजाऱ्याला होणारा त्रास नेहमीच्या मर्यादेपलीकडे गेला की चूक सिद्ध करायची गरजच नाही. हे तत्त्व कोर्टांनी आधीपासून लावलं होतं, २०२४ मध्ये ते दिवाणी संहितेतही आलं.

"म्हणजे ठेकेदाराच्या पोरानं हातोडा भिंतीपलीकडे टाकला तरी मीच?" अण्णा चिडले.

"नाही," ताई म्हणाल्या. "कामाचा भाग नसलेला, जाता जाता झालेला निष्काळजीपणा ठेकेदाराचाच. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं लोखंडी हत्यार खाली वाटसरूला लागलं, त्या खटल्यात ते काम पोटठेकेदाराला देणारा मुख्य ठेकेदार सुटला होता. पण भिंतीलगत खणणं हेच तर तुम्ही दिलेलं काम!"

मग आमचा सिव्हिलवाला, म्हणजे कट्ट्यावरचा सिव्हिल इंजिनिअर, बोलला, आणि खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला निकालांइतकंच महत्त्वाचं वाटलं. भिंतीलगतचा पाया मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांत खणायचा, एक आड एक. खणलेल्या तुकड्यात काँक्रीट पडून ते घट्ट झालं की मगच मधला घ्यायचा. म्हणजे भिंतीखालची बरीचशी माती कायम जागेवर राहते. "हे ड्रॉइंगवर होतं का, अण्णा?" ड्रॉइंगच नव्हतं. सगळ्यात कमी आकडा सांगणाऱ्याला तोंडी काम दिलं होतं. मग शेजाऱ्यानं कुणाकडे जायचं? त्यानं ना ठेकेदार निवडला, ना पैसे वाचवले, ना खोली त्याला मिळणार. निवड मालकाची, फायदा मालकाचा, तर शेजाऱ्यापुढं उभंही मालकानंच राहिलं पाहिजे. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

"त्याची भिंत आधीच लेचीपेची होती," हा अण्णांचा शेवटचा बाण. यात मात्र थोडं तथ्य असू शकतं. जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार हा निसर्गतः मिळालेला हक्क आहे, पण घराच्या वजनासकट आधाराचा हक्क काळानं मिळतो, आपल्या सुविधाधिकार कायद्यात (ईझमेंट्स ॲक्ट) त्यासाठी वीस वर्षं आहेत. घर त्याहून कितीतरी जुनं आहे हे अण्णांनीच सांगितलं. जुने तडे कोणते आणि नवे कोणते, हे काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यासोबत फिरून तारखेचे फोटो काढले असते तर आज कळलं असतं.

विम्याचं कुणीतरी काढलंच. ठेकेदार बांधकामासाठी जी ऑल रिस्क पॉलिसी घेतो तिच्यात तिऱ्हाइताचं नुकसान येतं, पण विमा करणाऱ्या भाऊंनी लगेच थांबवलं. नेहमीच्या मसुद्यात हादऱ्यांमुळे किंवा आधार काढल्यामुळे, कमजोर केल्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, ते वेगळं मागून घ्यावं लागतं. म्हणजे लागून खोदकाम करणाऱ्याला जे हवं, नेमकं तेच नसतं. अण्णांच्या ठेकेदाराकडे पॉलिसीच नाही, ही गोष्ट वेगळी.

"बरं, दिले पैसे. मग ठेकेदार मोकळा?" मुळीच नाही. शेजारी दोघांवरही दावा करू शकतो, आणि अण्णांनी भरलेलं अण्णा ठेकेदाराकडून वसूल करू शकतात. त्याचं शेवटचं बिल अजून द्यायचं आहे, ते हातात ठेवा, पण कापणार असाल तर लेखी कळवून कापा, असं ताईंनी बजावलं.

सिव्हिलवाल्याला हिशेबापेक्षा चराची घाई होती. आधी शेजाऱ्याच्या भिंतीला टेकू, मग चर टप्प्याटप्प्यानं भरणं. तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून तारीख टाकायची. पट्टी तुटली तर भिंत अजून हलते आहे. ती हलायची थांबल्याशिवाय तडा बुजवणं म्हणजे पैसे पाण्यात.

अण्णा अजून म्हणतात की अर्धे ठेकेदारानं आधी आणून द्यावेत, मग मी बघतो. ताई म्हणतात, ते तुमचं दोघांचं, शेजाऱ्याला त्यासाठी थांबवू नका. उद्या सकाळी टेकू लावायला चौघं जायचं ठरलंय, शेजाऱ्याला फोन अण्णाच करणार आहेत.