फी भरण्याआधी अंगणवाडीत जाऊन या

तालुक्याच्या गावी गरोदर बायांसाठी वर्ग निघालाय, आठ रविवारचा, फी भरायची का? पाचवा-सहावा महिना लागला की हा प्रश्न आता खेड्यातल्या घरांतही निघतो. चांगलंच आहे. बाळंतपणाची तयारी शिकावी लागते, हे घरच्यांना पटलं म्हणजे मोठं काम झालं. पण पुढची सगळी चर्चा फुकटचा की पैशाचा यावरच अडकते आणि खरा प्रश्न राहून जातो. बाई जिथे बाळंत होणार आहे तिथपर्यंत ती वेळेत पोहोचेल का, आणि पोहोचल्यावर काय होणार हे तिला ठाऊक असेल का? एवढी तयारी जो वर्ग करून देतो तो चांगला, मग तो फुकट असो की दहा हजारांचा.

माझं मत सरळ सांगते. फुकटचं आहे ते आधी पूर्ण पदरात पाडून घ्या. पैसे मोजायचेच असतील तर दोनच गोष्टींसाठी मोजा: कळांच्या वेळचा प्रत्यक्ष सराव आणि दूध पाजायचं शिक्षण. उरलेले पैसे गाडीभाड्याला ठेवा.

सरकारी सोयीला कुणी "वर्ग" म्हणत नाही, म्हणून ती वर्गात मोजलीच जात नाही. महिन्यातून एक दिवस अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतो. सिस्टर, आशाताई, सेविका तिघी एका जागी भेटतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून. चौथा महिना लागल्यावर तिथे डॉक्टरकडून तपासून घेता येतं. अडचण अशी की बऱ्याच गावांत अंगणवाडीचा दिवस आहाराचं पाकीट, गोळ्यांचं पाकीट आणि एक फोटो एवढ्यावर उरकतो. ही चूक एकट्या सिस्टरची नाही. एका उपकेंद्रामागे पाच-सहा गावं, लसीकरण त्याच दिवशी, रजिस्टरं त्याच दिवशी. पण तुम्ही विचारलंत तर सांगतात. म्हणून विचारायला शिका.

काय विचारायचं? वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी आणि पोट, या पाचही तपासण्या झाल्या का ते पाहा. पोटाला हात न लावता कार्ड भरलं असेल तर तपासणी अर्धीच झाली. मग प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारा. पूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलो वजन वाढायला हवं. एका महिन्यात ३ किलोच्या वर वाढलं तर तब्येत सुधारली म्हणून खूश होऊ नका. बीपी, साखर किंवा जुळं बघावं लागतं. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, सोबत डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा सुजलाय, तर पुढच्या अंगणवाडी दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. माता बाल संरक्षण कार्डावर हे सगळं चित्रांसह छापलेलं आहे. ते कार्ड पिशवीत घडी घालून ठेवण्यासाठी दिलेलं नाही. सिस्टरसमोर उघडा आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारा. हाच तुमचा पहिला वर्ग.

लोहाच्या गोळीवर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंत झाल्यावर आणखी १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रोज दोन आणि दर महिन्याला पुन्हा तपासणी. महिनाभर नियमाने घेऊनही एक ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, तर गोळी बदलत बसू नका, कारण शोधायला वर पाठवायला सांगा. सातच्या खाली असेल तर थेट रुग्णालय.

आता गोळी घेऊनही रक्त का वाढत नाही? सकाळी वावरात निघायच्या घाईत चहासोबत गोळी घेतली जाते. चहा लोह नीट शोषू देत नाही, गोळीतलं बरंचसं लोह वायाच जातं. दुसरी चूक म्हणजे लोह आणि कॅल्शियम दोन्ही एकदमच घ्यायचं. दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. सोपा हिशेब असा: कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या जेवणासोबत, एक संध्याकाळच्या जेवणासोबत, आणि लाल गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत. झोपेत मळमळ जाणवत नाही, हा वरचा फायदा. शौच काळी होते, ते लोहामुळेच, घाबरायचं नाही. जंताची गोळी, ४०० मिलिग्रॅमची एकच, चौथ्या ते सहाव्या महिन्यात घेतली नसेल तर मागून घ्या; अनवाणी वावरात जाणाऱ्या बाईचं रक्त जंत पितात आणि लाल गोळीचं काम वाया जातं. "गोळीनं लेकरू काळं होते", "फार खाल्लं तर पोटात लेकरू मोठं होते न मग बाळंतपण अवघड जाते", ही दोन वाक्यं अजून घराघरांत ऐकू येतात. दोन्ही खोटी आहेत, आणि दुसऱ्या वाक्यापायी बाया खरोखर उपाशी राहतात.

विदर्भासाठी एक तपासणी वेगळी सांगावीच लागते: सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, या पट्ट्यात तो भरपूर आहे. नवरा-बायको दोघंही वाहक (म्हणजे स्वतःला आजार नाही, पण दोष लेकराला देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं लेकरू चांगलं निघालं म्हणजे दुसऱ्याला धोका नाही, असा त्याचा अर्थ नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. पण ती पहिल्या तीन महिन्यांतच हवी, पोटातल्या बाळाचं पुढचं निदान वेळेत करता यावं म्हणून, आणि बाई वाहक निघाली की नवऱ्याचीही हवी. बाईला स्वतःला सिकलसेल आजार असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. आपल्या भागातल्या एखाद्या महागड्या वर्गाच्या पत्रकात सिकलसेलचा शब्दही नसेल, तर तो वर्ग आपल्या भागासाठी बनलेलाच नाही.

"गावातल्या बाया काय शिकवणार" असं कुणी म्हणालं तर त्यांना गडचिरोलीचं काम सांगा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात त्यामागे हेच काम आहे.

मग फुकटात काय मिळत नाही? सराव. अंगणवाडीच्या एका खोलीत, लहान पोरं रडत असताना, कळांत कसं वाकायचं, श्वास कसा सोडायचा, हे सिस्टर दाखवू शकत नाही. पैशाच्या वर्गाची खरी किंमत इथे आहे. आणि यासाठी आठ रविवार लागत नाहीत. सातवा संपता-संपता, ३० ते ३४ आठवड्यांच्या मध्ये, दोन-तीन तासांच्या दोन बैठका पुरतात. त्याआधी शिकलेलं विसरतं आणि नवव्यात एसटीचे धक्के नको. एसटीत बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण सोबतच्या नवऱ्याचं पूर्ण लागतं आणि दोघांचा रोज बुडतो. कापूस वेचणीच्या किंवा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आठ फेऱ्यांचा हा खर्च फीपेक्षा जास्त भरतो.

त्या दोन बैठकांत शिकायचं काय? कळ आली की नाकाने श्वास आत, आणि फुंकर घातल्यासारखा तोंडाने सावकाश बाहेर. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. खांदे आणि जबडा सैल. कळ नसताना चालायचं, भिंतीला टेकून वाकायचं, डाव्या कुशीवर पडायचं. उताणं पडून राहायचं नाही, कारण गर्भपिशवीचा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि बाळाकडे रक्त कमी जातं. दर दोन तासांनी लघवी, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोर कधी लावायचा. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर, उघडायच्या आधी बाजूच्या बाया "लाव जोर, लाव जोर" करतात. त्या वेळी जोर लावला तर तोंड सुजतं, बाई थकते आणि खऱ्या वेळेला ताकद उरत नाही. डोकं बाहेर येताना तर जोर थांबवून कुत्र्यासारखी धाप टाकायची, हा-हा-हा, म्हणजे खालची जागा कमी फाटते. हे तोंडी ऐकून येत नाही. चटईवर बसून चार वेळा करून पाहावं लागतं.

दुधाचंही तसंच. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग खालून कमी, वरून जास्त दिसतोय, म्हणजे पकड बरोबर. नुसतं बोंड तोंडात दिलं तर चिरा पडतात आणि तिसऱ्या दिवशी "दूधच येत नाही" म्हणून डबा आणला जातो. चांगली शिकवणारी कापडाची बाहुली हातात देऊन हे करून घेते. पहिल्या तासात पाजायचं, चीक टाकायचा नाही, आधी मध किंवा गुटी नाही.

फी भरायच्या आधी तिथे तीन गोष्टी विचारा. शिकवणारी बाई प्रसूतीच्या खोलीत काम केलेली आहे का? कारण भाड्याचा हॉल घेऊन कुणीही वर्ग काढू शकतं. सराव करून घेता की पडद्यावर दाखवता? आणि आम्ही ग्रामीण रुग्णालयात बाळंत होणार आहोत, तिथलं काय सांगाल? ऑनलाइन शहरी वर्गांत एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत द्यायचं इंजेक्शन), पाण्यातलं बाळंतपण, स्वतंत्र खोली यांवर तास-तास जातो. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात यातलं बहुधा काहीच नसतं, आणि शिकलेलं तिथे दिसलं नाही की बाई अजूनच घाबरते.

गर्भसंस्काराच्या वर्गांबद्दल: गाणं ऐकावं, शांत बसावं, चांगलं वाचावं, मन निवांत राहत असेल तर जरूर जावं. पण तिथे काढा, भस्म, कसलीही पुडी दिली तर तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका. नवव्यात कळा याव्यात म्हणून एरंडेल तर नाहीच. आणि मुलगा होण्याचा उपाय कुणी सुचवला तर त्या क्षणी उठून या आणि सिव्हिल सर्जनकडे तक्रार करा. गर्भलिंगनिदान आणि त्याची जाहिरात १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

वर्ग कुठलाही असो, निघायचं कधी हे घरी ठरवून ठेवा. पुस्तकात पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी कळा, प्रत्येक मिनिटभराची, तासभर, असं असतं. दवाखाना तासाभराच्या वाटेवर असेल तर दहा मिनिटांवर कळा नियमित झाल्या की निघा, दुसऱ्या खेपेला त्याहून आधी. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळ हलेनासं झालं, तर कळांची वाट पाहायची नाही. १०२ किंवा १०८ लावा, आणि गाडी आलीच नाही तर म्हणून गावातल्या एका गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा. भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ताच बंद होतो. अशा गावांतल्या बाईने तारखेआधीच 'माहेरघरा'त, म्हणजे सरकारी दवाखान्याजवळच्या राहायच्या जागेत, जाऊन राहावं, त्यासाठीच ती सोय आहे. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी, सगळं फुकट आहे. हे घरातल्या पुरुषाला तोंडपाठ पाहिजे.

आणि वर्गाला बाईसोबत न्यायचं कुणाला? जी व्यक्ती खाटेजवळ असणार तिला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आईला. नवऱ्याला जरूर न्या, पण आईला गाळून नको, कारण शेगडी पेटवायची की नाही, गुटी द्यायची की नाही, हे त्या घरात तीच ठरवणार आहे.

माहेरी जाताना कार्ड सोबत हवंच, पण एक गोष्ट बहुतेक घरांत सुटते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं; बाळाचं वजन, ताप, नाळ आणि पाजणं बघायला. सासरच्या आशाताईला वाटतं बाई माहेरी गेली, माहेरच्या आशाताईच्या यादीत तिचं नावच नसतं, आणि सगळ्या भेटी मधल्या मध्ये हरवतात. म्हणून आठव्या महिन्यातच सासरच्या आशाताईकडून माहेरच्या आशाताईला फोन करायला लावा, आणि सुट्टी झाली त्या संध्याकाळी घरातल्या कुणीतरी जाऊन सांगा: बाळ घरी आलं, तिसरा दिवस अमुक वारी.