हेकेखोर माणसांचा नट: जीन हॅकमन

'हरहुन्नरी नट' म्हटलं की आपल्याला आठवतात ते भूमिकेसाठी वजन वाढवणारे, नकली नाक लावणारे, आवाज पार बदलून टाकणारे. जीन हॅकमनने यातलं जवळजवळ काहीच केलं नाही. चाळीस वर्षांची कारकीर्द, ७० हून जास्त सिनेमे, पाच ऑस्कर नामांकनं, त्यातली दोन ऑस्कर, आणि चेहरा कायम तोच. मागे हटलेले कुरळे केस, किंचित फुगीर गाल, साधा बांधा. बँकेच्या रांगेत आपल्या पुढे उभा असता तर दुसऱ्यांदा वळून बघितलं नसतं. तरीही त्याचा पोलीस, त्याचा बास्केटबॉल कोच, त्याचा पाणबुडीचा कॅप्टन आणि त्याचा लबाड बाप ही एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली माणसं वाटतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ९५ व्या वर्षी तो गेला. तेव्हापासून त्याचे सिनेमे पुन्हा बघतेय आणि माझं एक मत पक्कं होत चाललंय. हॅकमनच्या सगळ्या उत्तम भूमिका हेकेखोर माणसांच्या आहेत. 'माझंच खरं' हे यांच्या हाडात मुरलेलं. पण प्रत्येकाचा हेका वेगळ्या मातीचा आहे आणि तो कुठे, कसा तुटतो हेही वेगळं आहे. त्याच्या कामातलं वैविध्य मला तिथे दिसतं.

त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही हेक्याशिवाय काही मिळण्यासारखं नव्हतं. तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. हा रस्त्यावर खेळत होता, वडिलांनी गाडीतून जाता जाता नुसता हात हलवला आणि गेले. त्या एका हावभावात किती काय होतं, कदाचित म्हणूनच मी नट झालो, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं. सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून तो मरीन्समध्ये भरती झाला. पुढे पॅसाडेना प्लेहाउसमध्ये अभिनय शिकायला गेला, तर तिथे त्याला आणि डस्टिन हॉफमनला 'यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी' असलेले विद्यार्थी ठरवण्यात आलं. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलच्या दारावर दरवानाची नोकरी केली. 'द ग्रॅज्युएट'मध्ये त्याला काम मिळालं होतं, पण तालमी सुरू असतानाच दिग्दर्शक माइक निकोल्सने काढून टाकलं. त्याच वर्षी, १९६७ मध्ये, 'बॉनी अँड क्लाइड' आला आणि हॅकमनला पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं. तेव्हा तो सदतिशीचा होता. त्याच निकोल्सने पुढे त्याला 'पोस्टकार्ड्स फ्रॉम द एज' आणि 'द बर्डकेज'मध्ये घेतलं, हेही इथेच सांगून टाकते.

'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) म्हटलं की सगळे त्या पाठलागाबद्दल बोलतात. वर उन्नत रेल्वे, खाली सुसाट गाडी. तो थरार आहेच. पण माझ्या मते हॅकमनचा पोलीस, पॉपाय डॉइल, कळतो तो एका थंडीच्या प्रसंगात. ज्याच्यावर पाळत ठेवायची तो फ्रेंच तस्कर उबदार रेस्टॉरंटमध्ये निवांत पंचपक्वान्नं खातोय. समोर रस्त्यावर डॉइल गारठत उभा आहे, हातात पिझ्झाचा तुकडा आणि कागदी कपातली कॉफी. एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो, कॉफी ओतून देतो. संवाद नाही. पण या माणसाला तो तस्कर का हवाय ते तिथे समजतं. कायदा राहिला बाजूला, आता ही वैयक्तिक खुन्नस आहे. सिनेमाच्या शेवटी त्याच्या हातून चुकून आपलाच एक अधिकारी मारला जातो, तेव्हा तो क्षणभरही थांबत नाही, तसाच पुढे जातो. डॉइलची भाषा, त्याचा वर्णद्वेष, मारहाण हे सगळं हॅकमनला करायला जड गेलं होतं. पडद्यावर मात्र तो कुठेही 'मी खरा असा नाही' असं सुचवत नाही. नटाचा हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

आणि मग 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४). दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलांनी 'गॉडफादर'च्या दोन भागांच्या मध्ये केलेला, कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला सिनेमा. हॅकमन यात हॅरी कॉल आहे. दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करून देणारा, आपल्या धंद्यातला सर्वांत तरबेज माणूस. पाऊस असो नसो, अंगात तो पारदर्शक रेनकोट. वाढदिवशी घरमालकीण त्याच्या बंद खोलीत भेट ठेवून जाते, तर हा तिला फोन करून आधी विचारतो की तुम्ही आत आलातच कशा, तुमच्याकडे किल्ली कशी. आवाज चढत नाही. सभ्यपणे बोलतोय, पण माणूस आतून हादरलाय हे आपल्याला कळतं. ज्या हॅकमनने तीनच वर्षांपूर्वी 'फ्रेंच कनेक्शन'मध्ये झडती घेऊन अख्खा बार हलवून सोडला होता, तो इथे खांदे आत ओढून, भिंतीच्या कडेने चालतो.

हॅरीचा हेका त्याच्या कानांवर आहे. मी जे मुद्रित केलं ते खरं, बाकीचे काहीही म्हणोत. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये गर्दीत फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो पुन्हा पुन्हा ऐकतो, गाळतो, साफ करतो. त्यातल्या एका वाक्यावरून त्याला खात्री पटते की यांचा खून होणार आहे. वाक्य बरोबर ऐकलेलं असतं. त्यातला जोर कुठल्या शब्दावर आहे, एवढंच चुकलेलं असतं. आणि त्यामुळे बळी कोण आणि मारेकरी कोण हेच उलटं होतं. जगातल्या सर्वोत्तम कानाने आपल्याला हवं तेच ऐकलं! ते उमगल्यानंतर हॅकमन जे करतो त्याला रडणं म्हणता येत नाही. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू विझत जातं, एवढंच. ज्या माणसाच्या अंगभूत शक्तीबद्दल सगळे बोलत, त्याने ती पूर्ण बांधून ठेवून केलेलं हे काम मी त्याच्या दोन्ही ऑस्करांच्या वर ठेवते.

त्याच १९७४ मध्ये 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मधला आंधळा साधूही त्यानेच केला. राक्षसाला मायेने जेवायला बसवतो आणि कढत सूप थेट त्याच्या मांडीवर ओततो. जेमतेम काही मिनिटांचं काम, पण हसून पुरेवाट होते. कारण साधूला मनापासून वाटतंय की आपण उत्तम पाहुणचार करतोय.

१९७८ च्या 'सुपरमॅन'मधला खलनायक लेक्स लुथर आपल्याकडेही अनेकांना आठवत असेल. त्याचा बेत मुळात जमिनीचा आहे: कॅलिफोर्नियाचा किनारा समुद्रात बुडवायचा आणि मागची स्वस्तात घेतलेली वाळवंटी जमीन किनाऱ्याच्या भावाने विकायची. हॅकमन हे अशा उत्साहाने समजावतो की नव्या स्कीमचा ब्रोशर दाखवणारा बिल्डरच वाटावा. त्या काळात त्याने पैशासाठीही बरेच सिनेमे स्वीकारले आणि ते लपवलं नाही. काही समीक्षक यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. सिनेमा सुमार असेल, पण हॅकमन त्यात पाट्या टाकत नाही.

'हूझियर्स' (१९८६) कुणी फक्त खेळाचा सिनेमा म्हणून सोडला असेल तर जरूर बघा. इंडियानातल्या छोट्या गावची शाळा राज्य अजिंक्यपदाच्या सामन्याला पोहोचते. १९५४ मध्ये मायलन नावाच्या गावातल्या शाळेने हे खरंच केलं होतं. भव्य स्टेडियम बघून पोरांचे डोळे फिरतात. कोच टेप काढतो आणि पोरांनाच मापं घ्यायला लावतो. फ्री थ्रोची रेघ १५ फुटांवर, बास्केट १० फुटांवर. आपल्या गावच्या जिममध्ये आहे तेवढंच. हॅकमन हे एखादा हिशोब तपासावा तसं, भाषणाचा सूर न लावता करतो. म्हणूनच अंगावर काटा येतो.

'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. १९६४ मध्ये तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला, त्यावर बेतलेला हा सिनेमा एफबीआयच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना नायक करतो आणि ज्यांचा लढा होता त्या कृष्णवर्णीयांना मागे उभं करतो. ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त आहे. पण त्यात हॅकमनचं पात्र आपल्या बापाची आठवण सांगतं. शेजारच्या काळ्या शेतकऱ्याने खेचर घेतलं, तो आपल्यापुढे जाईल या जळफळाटाने बापाने त्या खेचराला विष घातलं. गरिबीच आपल्याला मारतेय हे त्या म्हाताऱ्याला द्वेषापायी दिसलंच नाही. हे सांगताना हॅकमनच्या आवाजात बापाबद्दलची लाज आणि माया एकदमच येते, वेगळी काढता येत नाही.

'अनफरगिव्हन' (१९९२) त्याने आधी नाकारला होता, हिंसा नको म्हणून. क्लिंट ईस्टवूडने समजूत घातली आणि दुसरं ऑस्कर मिळालं. शेरीफ लिटल बिल गावात बंदूक आणायला बंदी घालतो. तत्त्व चांगलंच आहे. आणि कायद्याच्या नावाखाली तो माणसाला चाबकाने मरेपर्यंत मारतो. रिकाम्या वेळात स्वतःच्या हाताने घर बांधतोय. सुतारकाम भयंकर, एक कोपरा सरळ नाही, छप्पर गळतंय, खाली भांडी मांडलीत. सोबत बसलेला लेखक गमतीने म्हणतो, या सुतारालाच फाशी द्यायला हवी. हॅकमन त्याच्याकडे बघतो. बस, नुसता बघतो! मरतानाही हा माणूस म्हणतो की माझ्या वाट्याला असं मरण यायला नको होतं, मी घर बांधत होतो. त्याला ते खरंच वाटतं. तीनच वर्षांनी 'द क्विक अँड द डेड'मध्ये त्याने पुन्हा वेस्टर्नमधलाच जुलमी गावमालक केला, आणि लिटल बिलची सावलीसुद्धा पडू दिली नाही. त्या हेरॉडला आपण न्यायी असल्याचा भ्रम नाही, गाव आपल्या मालकीचं आहे एवढंच त्याला पुरतं.

'क्रिमझन टाइड' (१९९५) मध्ये डेन्झेल वॉशिंग्टनसमोर तो पाणबुडीचा कॅप्टन म्हणून अण्वस्त्रांवरून जितका हटून बसतो तितकाच लिपिझानर घोडे मूळचे कुठल्या देशाचे यावरून, आणि शेवटी घोड्यांबद्दलची चूक कबूल करतो. 'एनिमी ऑफ द स्टेट' (१९९८) मध्ये सरकारी फाइलमध्ये त्याच्या पात्राचा जो जुना फोटो दिसतो तो 'द कॉन्व्हर्सेशन'मधला आहे. जणू हॅरी कॉलच चोवीस वर्षं तारेच्या जाळीआड लपून म्हातारा आणि चिडका झालाय.

२००१ मध्ये, एकाहत्तरीत, त्याचे पाच सिनेमे आले. त्यातला 'द रॉयल टेनेनबॉम्स' माझा सर्वांत लाडका. बायकामुलांना सोडून गेलेला बाप कॅन्सरचं खोटं नाटक करून घरात परत घुसतो. नातवंडांना घेऊन बाहेर पडतो आणि त्यांना रस्ता भलतीकडून ओलांडायला, दुकानातून वस्तू ढापायला शिकवतो. वेस अँडरसनने ही भूमिका त्याच्यासाठीच लिहिली होती, आणि तो करायला तयार नव्हता. शेवटाकडे थोरला मुलगा बापाला एवढंच सांगतो की हे वर्ष फार वाईट गेलं. त्यावर हॅकमनचं उत्तर एका ओळीचं आहे. एवढा बोलघेवडा लबाड माणूस तिथे काहीही सारवासारव करत नाही. गाडीतून हात हलवून गेलेल्या बापाच्या मुलानेच हे करायला हवं होतं, असं मला दरवेळी वाटतं.

२००४ नंतर त्याने कॅमेऱ्यासमोर काम केलं नाही. सँटा फेला राहिला, कादंबऱ्या लिहिल्या.

कुणी नव्याने सुरुवात करणार असेल तर 'अनफरगिव्हन'पासून करा, मग 'हूझियर्स', मग 'टेनेनबॉम्स'. 'द कॉन्व्हर्सेशन' मात्र मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका, चांगले हेडफोन लावा. आणि आर्थर पेनचा 'नाइट मूव्ज' (१९७५) कुणी बघितला असेल तर नक्की लिहा, त्या शेवटाबद्दल मला बोलायचंय.