चौथी स्टेज, कालनिर्णय आणि आडाळो: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या भावोजींनी एक मेसेज टाकला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण, खाली जोडलेले हात. मथळा होता: ‘स्तनाचा कॅन्सर, चौथी स्टेज: कुटुंबाने काय करावे’. दोन दिवसांत तोच मेसेज बचत गटाच्या आणि माहेरच्या ग्रुपवरूनही आला. त्यात सहा मुद्दे आहेत. चौथी स्टेज म्हणजे दोन-चार महिने. ऑपरेशन नाकारलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. साखर, दूध, मासे बंद करा आणि काढे द्या. बाईला काडी उचलू देऊ नका. मॉर्फिनला हो म्हणू नका. आणि सेवा घरच्यांनीच करावी, बाहेर वाच्यता नको.

मी कुडाळ तालुक्यात राहते. माझा हाच आजार हाडांत उतरलाय हे कळलं त्याला चार वर्षं होऊन गेली. मेसेजच्या हिशोबाने मी हे लिहायला शिल्लक असायलाच नको.

‘दोन-चार महिने.’ चौथी स्टेज म्हणजे आजार हाडं, यकृत, फुप्फुस किंवा मेंदूपर्यंत पोचला. तो मुळासकट जात नाही, हे खरं. पण किती दिवस हे गाठीच्या जातीवर ठरतं. हार्मोनवर वाढणारी गाठ, हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेली म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह गाठ आणि या दोन्हींत न बसणारी ट्रिपल निगेटिव्ह गाठ हे तीन निराळे आजार समजा. त्यातला तिसरा सगळ्यात हट्टी. हार्मोनवाल्या जातीत लेट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या गोळीच्या जोडीला रायबोसिक्लिब ही गाठीची वाढ रोखणारी गोळी दिलेल्या बायकांचा अभ्यास २०२२ साली पूर्ण प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या बायका जवळजवळ ६४ महिन्यांपेक्षा जास्त जगल्या. नुसत्या लेट्रोझोलवरच्या गटातही हा आकडा ५१ होता. सगळ्यांनाच पाच वर्षं मिळतात असं मी म्हणत नाही. पण रिपोर्टमधली जात न विचारता कुणी महिने मोजायला लागला तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावं.

‘ऑपरेशन नाकारलं.’ मलाही तेव्हा असंच वाटलं होतं. गाठ दिसतेय, हाताला लागतेय, मग काढत का नाहीत? याचं उत्तर परळच्या टाटा रुग्णालयातच शोधलं गेलंय. निदान होतानाच आजार पसरलेल्या ३५० बायका २००५ ते २०१३ या काळात त्या अभ्यासात घेतल्या. औषधांनी आजार आटोक्यात आल्यावर निम्म्यांची गाठ काढली, निम्म्यांची नाही. २०१५ साली निकाल छापून आला: दोन्ही गटांच्या आयुष्यात फरक नाही. गाठ फुटली, वाहायला लागली तर ऑपरेशनचा विचार होतो. एरवी सगळ्या अंगात फिरणाऱ्या आजाराला सगळ्या अंगात फिरणारं औषध लागतं.

खाण्याच्या मुद्द्यावर फार शाई घालवत नाही. साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही, बाई मात्र वाळते. बांगड्याचं तिखलं मी खाते. जपायचं ते वेगळंच, आणि ते मेसेजमध्ये नाही. पॅल्बोसिक्लिब ही रायबोसिक्लिबच्याच जातीची गोळी चालू असताना मला ग्रेपफ्रूट वर्ज्य सांगितलं होतं. ग्रेपफ्रूट आमच्याकडे कोण खातो? पण तो पपनसाच्याच घरातला, आणि पपनस गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटवीला टांगलेला असतो. डॉक्टरांना विचारलं, तर तेही नको म्हणाले. कसलाही काढा पोटात जाण्याआधी हाच प्रश्न विचारायचा: माझ्या गोळीशी याचं जमतं का?

एका ग्रुपवर कुणीतरी ‘भांडी वेगळी ठेवा’ असं शेपूट जोडलं होतं. ते वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, “चार वर्सा हिच्याबरोबर जेवतंय, माका काय झाला?” यावर मला जास्त काही सांगायचं नाही.

आता ‘काडी उचलू देऊ नका’. हा मुद्दा प्रेमाने लिहिलाय, म्हणून जास्त नडतो. पसरलेल्या आजाराच्या थकव्याला झोपून राहणं हे औषध नाही. युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या अशाच ३५७ रुग्णांना नऊ महिने देखरेखीखाली व्यायाम दिला. २०२४ च्या त्या निकालात थकवा कमी झाला आणि जगणं सुधारलं, असं दिसलं. मी रोज सकाळी सड्यावरच्या आंब्यापर्यंत चालत जाऊन येते. तेव्हा प्रश्न काम करायचं की नाही हा नाही. कुठलं सोडायचं आणि कुठलं ठेवायचं, हा आहे.

कळशी सोडली. मणक्यात आजार आहे आणि काखेतल्या गाठींमुळे हात सुजतो, म्हणून विहिरीवर पंप बसवला. आडाळो, म्हणजे आमची खवणीची विळी, सोडला. जमिनीवर वाकून नारळ खवताना पाठीत जी कळ येते ती डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, “हे खाली बसूनच करावं लागतं का?” नाही लागत. जाऊबाई आठवड्याचं खोबरं एकदम खवून फ्रीजरमध्ये ठेवते. लावणीला चिखलात उतरणं सोडलं. किमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या, तळपाय सोललेले, आणि आमच्याकडचा पावसाळा म्हणजे लेप्टोचा, उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, हंगाम.

भांडी घासणंही सोडलं. आता मी कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळीवर आहे. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. दुसऱ्या आठवड्यात तळहात लाल होतात, चुरचुरतात, मग साल निघते. गरम पाणी आणि घासणी त्यात भर घालतात. बोटांच्या रेषासुद्धा पुसल्या गेल्या. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा तीनदा ठेवला, तीनदा लाल दिवा. दुकानदार म्हणाला, “वयनी, हात धुवून येवा.” हात स्वच्छच होते. आता अंगठा द्यायला हे जातात.

ठेवलं काय? फोडणी. तांदूळ निवडणं. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब. फोडणी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही हे मला मोडून काढलं तरी बदलणार नाही.

‘मॉर्फिन म्हणजे शेवट.’ मॉर्फिन दुखण्यासाठी असतं, मरण्यासाठी नसतं. दुखणं कमी झालं की डोस उतरवतात. रेडिएशननंतर माझा उतरवला. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या गोळीची नशेसारखी चटक सहसा लागत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून त्याचं औषध बरोबर मागून घ्या. मॉर्फिन मिळवणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. तरी ते प्रत्येक औषधाच्या दुकानात नसतं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करावी लागते.

शेवटचा मुद्दा, ‘बाहेर वाच्यता नको’. पहिलं वर्ष आम्ही हेच केलं. ह्यांनी बाग, स्वयंपाक, सासूबाई आणि मी असं सगळं एकट्याने ओढलं आणि शेवटी तेच तापाने पडले. वाडीत कळलं तेव्हा रांग लागली. प्रत्येक जण जाताना म्हणायचा, “काय लागला तर सांग गो.” मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, आमची न्हाणी शेवाळलीय?

मग मुलाने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. गोळीच्या दिवसांवर टिंबं. ज्या आठवड्यात हात सोलतात त्या चौकटींत कामं: न्हाणीला ब्लीचिंग पावडर, सिलिंडर बदलणं, गोधड्या धुणं, मासे साफ करणं. येणारा माणूस चहा पिता पिता चौकट वाचतो आणि काम उचलतो. मागावं लागत नाही, त्यालाही काय करू असं विचारावं लागत नाही. जाऊबाई आत आली की आधी भिंतीकडे बघते. “वयनी, आज काय लिवलंस?” धुण्याभांड्याला पगारी बाईही लावली. त्यात कसली लाज?

कालनिर्णयच्या कडेला लाल पेनाने लिहिलंय: ताप १००.४ च्या वर, पायांतली ताकद अचानक जाणं, लघवी-संडासावरचा ताबा सुटणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. खाली १०८ आणि रात्री दार ठोठावलं तरी चालेल अशा रिक्षावाल्याचा नंबर.

बाहेरची मदत म्हणजे नुसते शेजारी नव्हेत. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना माहीत असते. नातेवाइकांच्या वन रूम किचनमध्ये पंधरा दिवस अवघडून राहण्यापेक्षा तिथे विचारलेलं बरं. महात्मा जोतिबा फुले योजनेत किमो आणि रेडिएशन बसतात. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का हे मात्र घरी बसून आधीच बघा. माझ्या एका वेलांटीने दोन खेपा घालायला लावल्या.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. भावोजींनी अंगठा पाठवला. मी त्यांना लिहिलं की गणपतीला येताय तर दोन दिवस आधी या. माटवी बांधायची आहे, वरचे पितळी हंडे उतरवायचे आहेत, आणि त्या चौकटीत अजून कुणाचं नाव नाही.