गाडी उभी ठेवली की टिकते?

"जुनी इटालियन गाडी जितकी कमी चालवाल तितकी टिकेल" हे जुन्या गाड्यांवरच्या एका लेखातलं वाक्य मला साफ चुकीचं वाटलं. मी घेतलेली जुनी इटालियन गाडी सहा वर्षं कापडाखाली झाकलेली होती. मीटरवरचा किलोमीटरचा कमी आकडा बघून खूश झालो आणि फसलो. कार्ब्युरेटरमधलं (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पेट्रोल उडून जाऊन तळाला चिकट पिवळा थर बसलेला, मागचे ब्रेक जाम, आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, दोन बोटांत वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक भेगा! इंजिनिअर ऑरेलिओ लाम्प्रेदींनी आखलेल्या फियाटच्या ट्विन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे असलेल्या) इंजिनात १९६६ पासून असाच रबरी दातेरी बेल्ट आहे. रबर नुसते किलोमीटर मोजत नाही, वर्षंही मोजतं. हा बेल्ट चालत्या इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, मग खर्च विचारू नका. त्याच काळातल्या अल्फा रोमिओच्या ट्विन कॅमला बेल्टच्या जागी साखळी आहे, तिथे ही एक धास्ती तरी नाही.

वायरिंगला नावं ठेवणाऱ्यांनाही एक सांगतो. माझे हेडलाइट मिणमिणायचे तेव्हा सगळ्यांनी नवीन हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) टाकायला सांगितलं. शेवटी बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरी सोडवल्या, गंज पॉलिश पेपरने घासून काढला, पुन्हा घट्ट आवळल्या. लख्ख! आता दर पंधरा दिवसांनी तासभर तरी बाहेर काढतो, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. नुसतं जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं तर उभी ठेवण्याहूनही वाईट, सायलेन्सरमधलं पाणी आतच राहतं.