पूर्वजांच्या पापांची यादी आणि मत्तयाची वंशावळ

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश सतत फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. घरात आजारपण, दारू, कर्ज, मूल न होणे, लग्न न जमणे असे काही चालत आले असेल तर तो पिढीजात शाप आहे, कारण देव तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करतो असे बायबलमध्ये निर्गम 20:5 मध्ये लिहिले आहे. आजोबा-पणजोबांनी मूर्तिपूजा केली, नवस फेडले, बळी दिले, म्हणून सैतानाला घराचे दार उघडे सापडले, आणि बाप्तिस्मा घेतला तरी ते उघडेच राहते. तेव्हा आईकडच्या आणि वडिलांकडच्या चार पिढ्यांची नावे लिहून काढा, एकेकाचे पाप कबूल करा, शाप तोडण्याची खास प्रार्थना करून घ्या. नहेम्याने आणि दानिएलाने हेच केले. बायबलमध्ये वंशावळी दिल्या आहेत त्यासुद्धा याचसाठी, असे शेवटी लिहिलेले असते.

संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात बहुधा काळजीच असते, हे मी मानतो. पण ही शिकवण माणसांना घाबरवते, आणि ज्या शास्त्राचा आधार ती घेते ते शास्त्र तिच्या बाजूने उभे राहत नाही.

सुरुवात निर्गमापासूनच करू. संदेशात पाचवे वचन असते, सहावे नसते. पाचव्यात शासनाबद्दल बोलताना देव म्हणतो, जे माझा द्वेष करतात त्यांच्या मुलांना. लगेच पुढच्या वचनात जे त्याच्यावर प्रीती करतात त्यांच्यावर हजारो पिढ्या दया करण्याचे वचन आहे. अनुवाद या पुस्तकातही (7:9) हजार पिढ्याच सांगितल्या आहेत. एकीकडे तीन-चार पिढ्या, दुसरीकडे हजार, आणि आपण लोकांना शिकवायचे ते तीन-चारांचेच? त्या काळी आजोबा, मुलगा, नातू, पणतू एकाच वाड्यात राहत. घरच्या कर्त्याने बआल दैवताची वेदी बांधली की तिच्यापुढे सगळे घर वाकत असे. वडिलांच्या वागण्याचे परिणाम मुलांना भोगावे लागतात, हे शास्त्र कुठेही नाकारत नाही. दारुड्या बापाच्या घरात वाढलेल्या कुणालाही ते सांगावे लागणार नाही. पण परिणाम भोगणे वेगळे आणि देवापुढे दोषी ठरणे वेगळे. अनुवाद 24:16 स्पष्टच सांगते की मुलांबद्दल बापाला किंवा बापाबद्दल मुलांना जिवे मारू नये. हा नियम नुसता कागदावर राहिला नाही. आपल्या बापाचा खून करणाऱ्या सेवकांना अमस्या राजाने मारले, पण त्यांच्या मुलांना सोडले, आणि तिथे हेच वचन कारण म्हणून दिले आहे (2 राजे 14:6).

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या राजाने यहूदाचा राजा यहोयाखीन याला आणि त्याच्याबरोबर यरुशलेमेच्या हजारो लोकांना कैद करून नेले. त्यांच्यात यहेज्केल संदेष्टा होता. कैदेत पडलेल्या या लोकांमध्ये एक म्हण चालत असे: वडिलांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. आपल्या संदेशाचा गाभा नेमका हाच आहे. देवाने यहेज्केलाकडून त्यांना सांगितले की ही म्हण यापुढे इस्राएलात चालायची नाही. अठराव्या अध्यायात एक नीतिमान बाप येतो, मग त्याचा हिंसक मुलगा, मग बापाची कृत्ये पाहून ती न करणारा नातू. नातू जगेल, असे देव म्हणतो. लोकांना ते पटेना. मुलाने बापाचा दोष का वाहू नये, असे ते उलट विचारतात. शाप मागून येतो आहे असे मानण्यात एक विचित्र सोय असते, ती माणसाला सोडवत नाही.

यहूदाच्या राजवाड्यात हे प्रत्यक्ष घडले होते. आहाजाने स्वतःच्या मुलाला अग्नीतून चालवले. त्याचा मुलगा हिज्कीया, ज्याच्यासारखा यहूदाच्या राजांत दुसरा झाला नाही. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे सर्वांत दुष्ट, नातू आमोन तसाच, आणि आमोनाचा मुलगा योशीया आठव्या वर्षी गादीवर बसून पुढे मंदिर शुद्ध करणारा. मनश्शेच्या पापांमुळे यहूदावर संकट आले असे 2 राजे 24 मध्ये आहे, हे कुणी दाखवील आणि ते खरेच आहे. राष्ट्रावर ते आले. पण खुद्द मनश्शे कैदेत नम्र झाला तेव्हा देवाने त्याची विनवणी ऐकली (2 इतिहास 33), आणि ती त्याच्या स्वतःच्या पापाबद्दलची विनवणी होती.

आता सर्वांत जास्त दुखावणारा भाग: आजार आणि मूल न होणे. शिष्यांनी जन्मांधाला पाहून येशूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती असे त्याने सांगितले. आणि अलीशिबा तर अहरोनाच्या वंशातली, पती जखऱ्या याजक, दोघेही देवाच्या दृष्टीने नीतिमान, असे लूक आवर्जून लिहितो आणि पुढच्याच वचनात म्हणतो की त्यांना मूल नव्हते. ज्या बाईला महिन्यामागून महिने उपवास प्रार्थनेत उभे करून तिच्या सासरच्या आणि माहेरच्या पापांची चौकशी केली जाते, तिला कुणी लुकाचा पहिला अध्याय वाचून दाखवावा असे मला फार वाटते.

काही जण जनुकांचा दाखला देतात. आजार वंशात उतरतात ही गोष्ट खरी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकल सेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मुलाला तो आजार होतो. त्यासाठी लग्नाआधीची रक्ततपासणी आहे, औषधोपचार आहेत. त्यात पणजोबांच्या नवसाचा काही संबंध नाही, आणि शाप तोडण्याच्या नादात तपासणी राहून गेली तर नुकसान त्या लेकराचे होते.

मग बायबलमध्ये वंशावळी कशासाठी आहेत? हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण वाचताना आपण त्या भराभर ओलांडून पुढे जातो. नवा करारच मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या वंशावळीने सुरू होतो. आब्राहामापासून दावीदापर्यंत, दावीदापासून बाबेलच्या कैदेपर्यंत, तिथून ख्रिस्तापर्यंत, चौदा-चौदा पिढ्या. त्यात मत्तय येशूची आई मरिया हिच्या आधी चार बायका आणतो. तामार, जिला सासरा यहूदापासून मुले झाली. राहाब, यरीहोची वेश्या. रूथ, मवाबी. आणि चौथीचे तो नावही घेत नाही, तिला उरीयाची बायको म्हणतो, म्हणजे दुसऱ्याची बायको घेण्याचे दावीदाचे पाप वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यावे. ख्रिस्ताच्या घराण्यातली ही पापे मत्तयाने पुसून टाकली नाहीत. एकाही नावापुढे शाप तोडल्याची नोंदही केली नाही.

रूथचेच पाहा. मवाबी मनुष्याने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असे अनुवाद 23 सांगते. पिढ्या मोजत बसायचे तर इथे दहा मोजायला हव्यात. पण रूथला बवाजापासून ओबेद झाला, ओबेदाला इशाय, इशायाला दावीद. मवाबी बाईचा पणतू इस्राएलचा राजा झाला. त्याआधी घडले एवढेच, की ती आपल्या सासूला, नामीला, म्हणाली, तुझा देव तो माझा देव.

त्याहून मोठी गोष्ट यहोयाखीनची, म्हणजे मत्तय ज्याला यखन्या म्हणतो त्याची. बाबेलला नेलेला तोच राजा. त्याच्यावर शास्त्रात खराखुरा, उघड उच्चारलेला शाप आहे. तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी मी तुला काढून फेकले असते, असे देव यिर्मया संदेष्ट्याकडून त्याला म्हणतो. या माणसाची नोंद निःसंतान अशी करा, याच्या वंशातला कुणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही (यिर्मया 22). पिढीजात शाप म्हणून दाखवायला याहून भक्कम वचन सापडणार नाही. आता इ.स.पू. 520 मध्ये या. कैदेतून परत आलेल्या लोकांचा अधिकारी जरुब्बाबेल आहे, यखन्याचा नातू. हाग्गय संदेष्ट्याच्या तोंडून देव त्याला म्हणतो, मी तुला मुद्रेची अंगठी करीन, कारण मी तुला निवडले आहे. आजोबावर उच्चारलेली तीच अंगठी दोन पिढ्यांनी नातवाच्या बाबतीत देव स्वतः परत आणतो. जरुब्बाबेलने आजोबांच्या पापांची यादी केली होती का? हाग्गयाच्या पुस्तकात त्याने मंदिर बांधायला घेतले, एवढेच आहे. आणि मत्तय पहिल्या अध्यायात यखन्याचेही नाव लिहितो, जरुब्बाबेलाचेही.

कोरहाबद्दलही थोडे सांगतो. मोशेविरुद्ध बंड केल्यामुळे त्याला पृथ्वीने गिळले. गणना 26:11 मध्ये एक लहानसे वाक्य आहे की कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत. पुढे याच घराण्यातले लोक मंदिराचे द्वारपाळ झाले, आणि कोरहपुत्रांची स्तोत्रे आपण आजही उपासनेत वाचतो. दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहणे मला बरे वाटते, हे 84 वे स्तोत्र त्यांचेच. ज्यांच्या बापाच्या तंबूपासून दूर व्हा असे लोकांना सांगितले गेले होते, त्यांच्या वंशात ते गाइले गेले.

मूर्तिपूजेच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचे आहे, कारण तो थेट आपल्यावर येतो. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये अहमदनगरला आले, त्यानंतरच्या दशकांत ज्या घरांनी येशूला स्वीकारले त्यांतली कितीतरी घरे महार आणि मांग वस्त्यांतली होती. जन्मामुळे तू अशुद्ध, मागच्या पापामुळे तुझा असा जन्म, हे त्यांना पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले होते. सुवार्तेने ते ओझे उतरवले. त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना आता मंडळीत बसवून तुमच्या रक्तात दोष आहे असे सांगायचे? यात मला मोठा अन्याय दिसतो.

शास्त्र या बाबतीत मोकळेपणाने बोलते. आब्राहामाचा बाप तेरह अन्य देवांची सेवा करत होता, असे यहोशवा 24:2 मध्ये आहे. देवाने आब्राहामाला बोलावले, वचन दिले, करार केला, आणि तेरहाचे पाप कबूल कर असे कधीही म्हटले नाही. आशिया मायनरमधल्या ख्रिस्ती लोकांना प्रेषित पेत्र लिहितो की पूर्वजांकडून चालत आलेल्या व्यर्थ वागणुकीपासून तुम्ही सोडवले गेला आहात, ते सोन्या-रुप्याने नव्हे तर ख्रिस्ताच्या मूल्यवान रक्ताने (1 पेत्र 1:18-19). सोडवले गेला आहात, झालेली गोष्ट. इफिस शहरात विश्वास ठेवलेल्यांनी जादूची पुस्तके जाळली, पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांच्या किमतीची, तीही त्यांनी स्वतः वापरलेली. स्वतः केलेले सोडून द्यावे, हे योग्यच.

आणि आपले पूर्वज म्हणजे नुसती पापेच का? कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, समाजाचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. त्या मुलीने पुढे अखंड बायबलचे मराठी भाषांतर केले, ते तिच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये छापून पूर्ण झाले. रमाबाईंनी वडिलांचे नाव कुठल्या यादीत घालायचे होते?

नहेम्या आणि दानिएल यांच्या प्रार्थना मात्र नीट वाचायला हव्यात. दोघेही आम्ही पाप केले असे म्हणतात, स्वतःला धरून. एकेका पूर्वजाचे नाव घेऊन एकेका घरावरचा शाप कुणी तोडत नाही. नहेम्याच्या नवव्या अध्यायातली प्रार्थना संपते तेव्हा लोक म्हणतात की आम्ही आजही दास आहोत. मग दहाव्यात ते लेखी करार करतात: शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळू, सातव्या वर्षी कर्जे सोडून देऊ. पूर्वजांच्या पापाची अशी कबुली आपल्या मंडळ्यांनाही हवी आहे, असे मला वाटते. लग्न जमवताना आजही आपण जात पाहतो. ते आपल्या वडिलांचे पाप होते आणि आपले स्वतःचेही आहे, आणि ते सोडून देणे आपल्याच हातात आहे.

राहिला शेवटचा दावा: ख्रिस्ताने शाप वाहिला खरा, पण खास प्रार्थनेशिवाय तो लागू होत नाही. गलती 3:13 मध्ये ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला असे आहे, आणि पुढच्याच वचनात त्याचा हेतू दिला आहे, आब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांना मिळावा. अध्याय संपताना हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो, तुम्ही ख्रिस्ताचे आहात तर आब्राहामाचे संतान आहात. मध्ये कुठली पायरी त्याने ठेवलेली नाही. एकाच पूर्वजाचे कृत्य साऱ्या मानवजातीवर आले असे तो रोमकरांस लिहितो, तो आदाम, आणि तिथेही आदामासमोर लगेच ख्रिस्ताला उभे करतो.

ही शिकवण आजच्या रूपात जुनीही नाही. 1980 च्या दशकात केनेथ मॅकॉल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञामुळे कुळवृक्ष बरा करण्याची कल्पना पसरली. कॅथोलिक रिट्रीटमधूनही, म्हणजे प्रार्थना-शिबिरांतूनही, ती फिरू लागली, तेव्हा फ्रान्समध्ये 2007 साली, पोलंडमध्ये 2015 साली आणि स्पेनमध्ये 2024 साली बिशपांच्या पातळीवर तिच्याविरुद्ध इशारे दिले गेले. मृतांसाठी प्रार्थना करण्याची कॅथोलिक परंपरा वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.

ज्यांनी अशी यादी आधीच केली आहे आणि एखाद्या पणजीचे नाव राहून गेले म्हणून शाप उरला असेल या भीतीने ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी तो कागद फाडून टाकला तरी चालेल. त्या पणजीचे नाव देवाला ठाऊक आहे. तिच्याबद्दल काही चांगले आठवत असेल तर ते मुलांना सांगा, आणि स्वतःच्या पापाबद्दल काही बोलायचे असेल तर ते थेट देवाशी बोला. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.