तेराव्याचा शोध : घरबसल्या राष्ट्रपती बदलू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

इतिहासाची चूक दुरुस्त करण्याची हौस तुम्हाला असेल, तर त्यासाठी निवडणूक नीट पारखून घ्यावी. लाखालाखांच्या फरकाने लागलेले निकाल या कामी निरुपयोगी असतात, कारण त्यांत हळहळायला जागाच उरत नाही. या दृष्टीने १९६९ सालच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसारखी दुसरी सोय नाही. या निवडणुकीत मत देतात खासदार आणि आमदार, आणि प्रत्येकाच्या मताला ठरावीक मूल्य असते. अखेरच्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी यांच्या मतांचे मूल्य ४,२०,०७७ भरले आणि नीलम संजीव रेड्डी यांचे ४,०५,४२७. शिवाय विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते, म्हणजे गिरी उंबरठा ओलांडून जेमतेम आत आले होते. एवढ्या सामग्रीवर तुम्ही आयुष्यभर 'थोडक्यात हुकले' असे म्हणू शकता.

पहिले काम दोषी माणूस शोधण्याचे. मे महिन्यात डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळापुढे दोन नावे आली. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते आणि पक्षातल्या ज्येष्ठांना रेड्डी. मत घेतले गेले. रेड्डींना चार आणि जगजीवनराम यांना दोन. रेड्डींच्या बाजूच्या चौघांत मोरारजी देसाई आणि कामराज होते, तसेच स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाणही होते. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. यशवंतरावांनी तेथे हात दुसरीकडे वर केला असता, तर बाजू तीन-तीन झाली असती, असे म्हणून पहिला डाव टाकता येतो. पुढे पक्ष फुटला तेव्हा ते इंदिराबाईंबरोबर राहिले, ही गोष्ट दुसऱ्या डावासाठी राखून ठेवावी. दोन्ही बाजूंनी दोष देता येईल असा नेता प्रत्येक प्रांताला लाभत नाही. आपल्याला लाभला आहे, त्याची कदर करावी.

उमेदवार ठरल्यावर सही कोणाची घ्यावी, हा नाजूक प्रश्न आहे. रेड्डींच्या अर्जावर खुद्द पंतप्रधानांची सही होती, आणि एकदा सही झाली की माणूस बांधला गेला, अशी ज्येष्ठांची समजूत होती. तुम्ही ही समजूत बाळगू नये. सही हाताने होते. अंतरात्मा हा निराळा अवयव आहे आणि तो मतदान जवळ आल्याखेरीज बोलत नाही. बंगळूरहून परतल्यावर इंदिराबाईंनी मोरारजींकडचे अर्थखाते काढून घेतले, १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश काढला, आणि त्यावर सही करणारे प्रभारी राष्ट्रपती गिरी दुसऱ्याच दिवशी पद सोडून अपक्ष उमेदवारीच्या वाटेला लागले. एवढे सगळे घडत असतानाही अर्जावरची सही जागच्या जागी होती. ज्येष्ठ मंडळी तिच्याकडे पाहत बसली.

यापुढची सूचना मात्र लक्षपूर्वक वाचावी, कारण सारा खेळ येथेच हुकला. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार केवळ एक नाव निवडत नाही. तो नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे मांडतो, आणि पहिल्या पसंतीने कोणालाच बहुमत मिळाले नाही, तर मागे पडलेल्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. हा नियम नीट वाचलेले बहुधा एकटे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पाच असावेत. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. त्या पक्षांनी दुसरी पसंती तरी रेड्डींना द्यावी, असे सांगायला निजलिंगप्पा त्यांच्या पुढाऱ्यांना भेटले. हिशेब म्हणून याला तोड नाही. बातमी फुटताच मात्र जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी खुलासा मागितला, ज्यांच्याशी आपण लढतो त्यांच्याशीच अध्यक्षांची गुप्त बोलणी चालली आहेत असा बोभाटा झाला, पंतप्रधानांनी पक्षादेश काढायला नकार दिला आणि सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याची मुभा सर्वांना मिळाली. गंमत अशी की जे मागायला गेले होते, ते पुरेपूर मिळाले. वाटपातून गिरींना १८,५६२ मिळाले आणि रेड्डींना ९१,८७९. दुसऱ्याच्या घरचे सहापैकी पाच वाटे पदरात पडले. तोवर घरचे शिंके तुटले होते. तेव्हा दुसरी पसंती मागायला अवश्य जावे, फक्त आधी पहिली मोजून कुलपात ठेवावी.

आता आपल्या माणसाविषयी. कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रात अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली ते मंत्रिपद सोडणारे. पंधरा उमेदवारांत त्यांच्याइतका कागदोपत्री लायक माणूस दाखवता येणार नाही, आणि पहिल्या पसंतीत ते १,१२,७६९ वर थांबले. पण निकाल लागला तो त्यांच्याच मतांनी, ती त्यांची राहिली नाहीत तेव्हा. लायक माणसाला उमेदवारी द्यायची असेल, तर ती अशीच द्यावी. निवडणूक शोभिवंत होते आणि कोणालाही त्रास होत नाही.

निकाल उलटा लागला असता तर पुढे काय झाले असते, हे सांगताना मात्र सावध राहावे. 'आणीबाणी टळली असती' हे वाक्य जिभेवर येईल. ते गिळून टाकावे. रेड्डींची मुदत १९७४ च्या ऑगस्टमध्ये संपली असती आणि आणीबाणी १९७५ च्या जूनमध्ये आली. तिच्यावर सही करणारे राष्ट्रपती होते फक्रुद्दीन अली अहमद, आपल्या गोष्टीत वर येऊन गेलेले. त्यापेक्षा संस्थानिकांचे तनखे घ्यावेत. ते रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक १९७० च्या सप्टेंबरमध्ये राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असे पडले. दोन तृतीयांशाला एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला. लगेच गिरींच्या सहीने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली गेली आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. रेड्डींनी ती सही केली असती का? या प्रश्नावर दोन चहा सहज निघतात.

आकडेमोड कशी करावी, हे मी माझ्या एका मामांकडून शिकलो. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ते पेन्सिलीने हा हिशेब मांडत. आधी त्यांची भिस्त पुढची पसंतीच न लिहिणाऱ्यांवर असे. अशी १०,८३३ मते वाया गेली होती. ती सगळी रेड्डींच्या पारड्यात घालूनही ३,८१७ कमीच पडतात, हे दिसले की मामा ती ओळ खोडत आणि खासदारांकडे वळत. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. फरक १४,६५०, गिरींकडचा एक खासदार रेड्डींकडे आणला की ११५२ नी फट बुजते, बारा आणले तरी थोडे राहतेच, तेरावा आला की काम झाले. मग मामा समासात नावे लिहू लागत. मतदान गुप्त होते, याची आठवण करून दिलेली त्यांना खपत नसे.

रेड्डी स्वतः या भानगडीत पडले नाहीत. लोकसभेचे अध्यक्षपद तर त्यांनी उमेदवारीपायी सोडलेच होते. ते थांबले आणि १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. सदतीस जणांनी अर्ज भरले होते, त्यांतले छत्तीस बाद ठरले, आणि मत मोजायची वेळच कोणावर आली नाही. मामांना ती निवडणूक मुळीच आवडत नसे. त्यांची पत्रिका अजून माझ्याकडे आहे. बारा नावे आहेत, त्यांतली चार खोडून पुन्हा लिहिलेली, आणि तेराव्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह. मामी म्हणायच्या, तेराव्याचे नाव संध्याकाळच्या वेळी काढू नये.