हक्क चौघांचा, ताबा कोणाचाच नाही

सीमेपलीकडून होणाऱ्या सायबर गुन्ह्यांची चर्चा निघाली की ‘यासाठी कायदाच नाही’ असे कोणीतरी म्हणते, आणि ते मला दर वेळी खटकते. तशी अवस्था एके काळी खरोखरच होती. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा संगणकीय विषाणू फिलिपिन्समधून जगभर पसरला, संशयितही सापडला; परंतु असे कृत्य गुन्हा ठरवणारा कायदा त्या देशात तेव्हा नसल्यामुळे त्याच्यावरचे आरोप सोडून द्यावे लागले. जूनमध्ये कायदा झाला, पण तो आधीच्या कृत्याला लावता येत नव्हता. प्रत्यार्पणाचा मार्गही बंद होता, कारण त्यासाठी ते कृत्य सहसा दोन्ही देशांत गुन्हा असावे लागते.

आज अडचण जवळजवळ उलटी आहे. आरोपी जिथे बसला आहे तो देश, सर्व्हर जिथे आहे तो, ज्याच्या नागरिकाचे पैसे गेले तो आणि ज्याच्या बँकेतून ते पुढे सरकले तो, असे चौघेही एकाच गुन्ह्यावर अधिकार सांगू शकतात. अधिकार सांगणे आणि तो बजावणे यांतला फरक संगणकांपेक्षा जुना आहे. भर समुद्रात दोन जहाजांची टक्कर झाल्यावर उभ्या राहिलेल्या १९२७ च्या ‘लोटस’ खटल्यात तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले होते की, देशाला आपला कायदा हद्दीबाहेरच्या कृत्यांनाही लावता येईल, मात्र दुसऱ्याच्या भूमीवर त्याच्या संमतीवाचून आपली सत्ता चालवता येणार नाही. आजचे तपास अडतात ते नेमके या दुसऱ्या अर्ध्यावर. परदेशातील पुराव्यासाठी सरकारी मार्गाने पाठवलेल्या विनंतीला कित्येक महिने लागतात, आणि तोवर आयपी पत्त्यांच्या (इंटरनेटवरील जोडणी ओळखणाऱ्या क्रमांकांच्या) नोंदी अनेकदा पुसल्या गेलेल्या असतात.

म्हणून आडवाट धरण्याचा मोह होतो. २००० च्या अखेरीस अमेरिकी तपासयंत्रणेने खोटी कंपनी काढून दोन रशियन हॅकरांना मुलाखतीसाठी सिएटलला बोलावले, त्यांनी तिथे टाइप केलेले पासवर्ड टिपले आणि ते वापरून रशियातील सर्व्हरवरची माहिती उतरवून घेतली. अमेरिकी न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. रशियाने मात्र २००२ मध्ये त्या तपास अधिकाऱ्यावरच अनधिकृत प्रवेशाचा आरोप ठेवला. आरोपींविषयी मला सहानुभूती नाही, पण या आरोपात तथ्य नाही असेही मला म्हणवत नाही. हेच कृत्य दुसऱ्या देशाने अमेरिकेतील सर्व्हरवर केले असते, तर त्याला तपास म्हटले गेले असते का?

आरोपी हाती लागल्यावर तरी प्रश्न सुटावा, पण तसेही होत नाही. ‘बीटीसी-ई’ या क्रिप्टो-चलन विनिमय केंद्राशी संबंधित अलेक्झांडर विनिक याला २०१७ मध्ये ग्रीसमध्ये अटक झाली, तेव्हा अमेरिका, फ्रान्स आणि रशिया या तिघांनीही त्याची मागणी केली. २०२० मध्ये तो फ्रान्सला गेला आणि तिथे गुन्ह्यातून आलेल्या पैशांना कायदेशीर रूप दिल्याबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेला नेण्यात आले व २०२४ मध्ये त्याने तिथे गुन्हा कबूल केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो रशियाला परतला.